साप धरा, पण हात लांब ठेवून

सेवाग्राम आश्रमात जपून ठेवलेल्या जुन्या वस्तूंमध्ये साप पकडायचा एक लाकडी चिमटा आहे. लांब दांड्यांचा, कात्रीसारखा उघडमिट होणारा. त्याच्या जोडीला साप ठेवायचा पिंजराही आहे. 1936 साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं आणि भोवती शेतं, माळ आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. साप निघायचेच. ते मारायचे नाहीत असं आश्रमाचं धोरण, म्हणून चिमट्यात धरायचे, पिंजऱ्यात टाकायचे आणि लांब नेऊन सोडायचे. पाहायला येणारी मंडळी त्या चिमट्यात अहिंसा बघतात, आणि ती आहेच. मला मात्र आधी दांड्याची लांबी दिसते. ज्यांना सापाचा जीव वाचवायचा होता, त्यांनी साप आणि स्वतःचा हात यांच्यात अंतर राहील अशी सोय पहिल्यांदा केली होती.

आज वर्धा जिल्ह्यात आष्टी-कारंजापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत जवळपास प्रत्येक मोठ्या गावात एखादा तरी सर्पमित्र सापडतो. पावसाळा लागला की त्याचा फोन वाजायला लागतो आणि सोयाबीन सवंगून होईपर्यंत थांबत नाही. पूर्वी साप दिसला की काठी शोधायची रीत होती. आता बरीच माणसं काठीआधी फोन शोधतात, ही या पोरांचीच कमाई. पण यातल्या काहींच्या मोबाइलमध्ये जे व्हिडिओ असतात ते पाहून पोटात गोळा येतो. एका हातात नागाची शेपटी, दुसरा हात फण्यासमोर हलतोय, भोवती शंभर माणसं आणि मागे ढोल-ताशाचं संगीत. नव्याने या कामाला लागणारा पोरगा तेच बघून शिकतो आणि त्यालाच कौशल्य समजतो. हा लेख अशा पोरांसाठी आहे, आणि त्यांना फोन करून बोलावणाऱ्या घरांसाठीही.

माझं म्हणणं एवढंच आहे: विषारी सापाला हात लावायची वेळ आली, तर पकडण्याचं काम आधीच कुठेतरी बिघडलेलं असतं.

सापाची मान बोटांत धरण्याची खरी गरज फार थोड्या लोकांना पडते. चेन्नईजवळ इरुळा समाजातल्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था 1978 पासून काम करते. प्रतिविष तयार करणाऱ्या कंपन्यांना ती विष पुरवते. विष काढायचं तर सापाचं तोंड भांड्याच्या काठावर आणावं लागतं, म्हणजे मान धरणं आलंच. हे लोक सरकारी परवान्याने, ठरलेल्या जागी, लहानपणापासून मुरलेल्या नजरेने ते काम करतात. जखमी सापाच्या तोंडावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यालाही मान धरावी लागते. न्हाणीघरात शिरलेला साप काढून धुऱ्यापलीकडे सोडणाऱ्याचं मात्र मानेशी काहीही काम नसतं. तिथे मान धरली जाते ती बघ्यांसाठी.

पुण्याच्या निलीमकुमार खैरे यांनी 1980 साली 72 विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत 72 तास काढले होते. माणसाने डिवचलं नाही तर साप उगाच चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, तेही त्यांच्याच खटपटीतून. पण त्या विक्रमातून अनेकांनी नेमका उलटा धडा घेतला. डिवचू नका हे विसरलं, धाडस तेवढं लक्षात राहिलं.

तीन साप, तीन स्वभाव

प्रतिविष ज्या चार सापांच्या विषावर चालतं त्यांपैकी फुरशाचा खरा मुलूख कोकण. वर्ध्यात गाठ पडते ती प्रामुख्याने नाग, मण्यार आणि घोणस या तिघांशी. तिघांना एकाच पद्धतीने हाताळायला जाणं ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

घोणस, म्हणजे आपल्याकडची परड, दिसायला जाडजूड आणि सुस्त. पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली, सोयाबीनच्या गंजीच्या बुडाशी वेटोळं घालून पडून राहते. अंगावर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. त्या नीट न पाहता ‘अजगराचं पिल्लू आहे’ म्हणून ती उचलायला गेलेली माणसं दरवर्षी दवाखान्यात पोचतात. चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. तो ऐकू आला की समजावं, आपण आधीच जास्त जवळ आलो आहोत. तिचे विषदंत मोठ्या सापात दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असतात आणि जबड्यात दुमडून ठेवलेले असतात. ती ते हवे तसे फिरवू शकते, एकेक सुटा हलवू शकते. म्हणूनच घोणशीची मान धरणं फसवं आहे. तोंड बंद आहे असं वाटत असताना ती विषदंत बाजूने, प्रसंगी स्वतःच्याच खालच्या जबड्यातून आरपार काढून बोटापर्यंत पोचवते. त्यात अंगात ताकद भरपूर. एक हिसका दिला की पकड सुटते, आणि शेपटीला धरून लटकवली तर अंग वर वळवून ती हाताला गाठते. तिला उचलायचं तर लांब हूक, आणि आडवी ठेवलेली उंच बादली किंवा झाकणाचा ड्रम. हुकाने तिला बादलीत ढकलायचं, हुकानेच बादली उभी करायची, झाकण लावायचं. बघणाऱ्यांना यात काहीच थरार वाटत नाही, आणि म्हणूनच ही पद्धत चांगली. घोणस पिल्लं घालते, एका वेळी वीस-तीससुद्धा. पावसाच्या सुरुवातीला बोटाएवढी पिल्लं अंगणात निघतात. त्यांच्यात पहिल्या दिवसापासून विष असतं, तेव्हा केरसुणीने सुपलीत भरण्याचा उद्योग नको.

मण्यार अगदी उलट. दिवसा तिच्यासारखा गरीब साप नाही असं वाटतं. डिवचली तर वेटोळ्यात डोकं लपवून गप्प पडते. त्यामुळे पोरं तिला सरळ तळहातावर घेतात. पण तीच मण्यार कुठलीही सूचना न देता डोकं बाजूला झटकून चावते, आणि रात्री तिचा स्वभाव पूर्ण बदललेला असतो. तिचे विषदंत इतके बारीक की दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो. सूज नाही, रक्त नाही, कधीकधी खूणही नाही. ‘काही झालं नाही’ म्हणून पकडणारा पुढच्या फोनवर जातो. दोन-चार तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास थांबायला लागतो.

मण्यारीचा दुसरा धोका तिच्या जुळ्या भावंडासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या. दोघांच्याही अंगावर पट्टे. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. पाठीच्या मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची रांग असते. कवड्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात, पुढे रुंद असतात आणि शेपटीकडे फिके पडतात. हे सगळं लिहायला-वाचायला सोपं आहे. रात्री अकराला, विजेरीच्या उजेडात, साप हलत असताना मोठमोठे जाणकार चुकतात. जोसेफ स्लोविन्स्की हा अमेरिकी सर्पतज्ज्ञ 2001 च्या सप्टेंबरमध्ये म्यानमारच्या जंगलात संशोधन करत होता. सहकाऱ्याने आणलेल्या पिशवीत मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप आहे अशा समजुतीने त्याने आत हात घातला. तो साप मण्यारीच्याच कुळातला, पट्टेवाला निघाला. जवळ दवाखाना नव्हता, पावसामुळे मदत पोचेना. सोबत्यांनी तासन्‌तास तोंडाने श्वास देऊन त्याला धरून ठेवलं, तरी दुसऱ्या दिवशी तो गेला. वय अवघं 38. म्हणून पट्टे असलेला काळा साप दिसला की तो मण्यारच आहे असं धरून वागावं. आणि दुसऱ्याने बांधून दिलेल्या पिशवीत, आत काय आहे असं त्याने कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी, हात घालू नये.

नागाबद्दल लोकांना सर्वांत जास्त भीती, आणि पकडणाऱ्यांना सर्वांत जास्त फाजील विश्वास. कारण तो आधी इशारा देतो. फणा काढतो, फुसफुसतो, पुष्कळदा तोंड न उघडताच नुसता धक्का मारतो. उभा असताना त्याचा वार समोर आणि खाली पडतो, तो चुकवता येतो. इथूनच हात हलवून खेळवण्याची सवय लागते. पण प्रत्येक नाग प्रत्येक वेळी फणा काढतोच असं नाही. आणि खरी गडबड तो पिशवीत जाताना होते. केरळातले वावा सुरेश हे देशभर गाजलेले सर्पमित्र. त्यांनी हजारो साप पकडले आणि अनेक दंशही पचवले. जानेवारी 2022 मध्ये कोट्टायम जिल्ह्यात एका घराजवळून पकडलेला नाग ते शेपटीला धरून गोणीत घालत होते. गर्दी होती, कॅमेरे चालू होते. नाग वळला आणि त्यांच्या मांडीला डसला. कृत्रिम श्वास द्यावा लागला. तातडीने उपचार मिळाले म्हणून ते वाचले. आयुष्यभराचा सराव असलेल्या माणसाची ही गत. ती गोणी त्यांच्या पायाशेजारी नसती आणि साप हातात नसता, तर तो दंश झालाच नसता.

पाइप आणि पिशवी

केरळच्या वन विभागाने 2020 पासून साप पकडणाऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. तिथे शिकवतात ती पद्धत म्हणजे हूक, पाइप आणि पिशवी. साहित्य वर्ध्याच्या बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात आणि कापडाच्या दुकानात मिळेल.

दीड-दोन फुटांचा पीव्हीसीचा पाइप घ्या. मोठ्या नागासाठी तीन-चार इंच व्यासाचा, मण्यारीसाठी त्याहून बारीक. पिशवी जाड, गडद रंगाच्या सुती कापडाची, उशीच्या खोळीपेक्षा बरीच लांब आणि दुहेरी शिवणीची. वापरण्याआधी दरवेळी ती उलटी करून उजेडात धरून भोकं बघायची. पिशवीचं तोंड पाइपच्या एका टोकावर चढवून दोरीने घट्ट बांधायचं. मग हा पाइप भिंतीच्या कडेला, साप जिथे आहे त्याच्या वाटेत ठेवायचा. पिशवीवर एखादं पोतं टाकलं तर आणखी अंधार होतो. आता लांबून हुकाने सापाला फक्त दिशा द्यायची. भेदरलेला साप अंधारं, अरुंद भोक शोधतोच. पाइपचं तोंड दिसलं की तो आपणहून आत शिरतो आणि पुढे पिशवीत जातो. पूर्ण आत गेला की पाइपच्या खाली, पिशवीच्या गळ्यावर हुकाचा दांडा आडवा दाबायचा, पाइप सोडवायचा, पिशवीचा गळा पिळून दुमडायचा आणि वरून गाठ मारायची. पिशवी मग झाकणाच्या बादलीत. झाकणाला छिद्रं, आणि वर चिठ्ठी: विषारी साप, तारीख, जागा.

यात सगळ्यांत कठीण भाग थांबून राहण्याचा. साप पाच मिनिटांत शिरेल किंवा पाऊण तासाने. लोक म्हणतात, ‘एवढा वेळ? अमका तर दोन मिनिटांत धरतो.’ म्हणू द्यावं.

कापडातून विषदंत सहज आरपार जातात, हे पिशवी वापरणाऱ्याने कधीच विसरू नये. पिशवी गाठीच्या वर धरायची, अंगापासून लांब. मोटरसायकलच्या टाकीवर, मांडीवर, पाठीवरच्या सॅकमध्ये ती कधीही ठेवायची नाही. चिमट्याचंही एक सांगायला हवं. बाजारात मिळणारा पकडीचा चिमटा जोराने दाबला तर सापाच्या बरगड्या मोडतात, आणि असा साप सोडल्यावर काही दिवसांनी मरतो. चिमटा आधारासाठी वापरावा, आवळण्यासाठी नाही. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, अंगात जाड पँट, डोक्याला बॅटरी. हातमोज्यांवर विसंबू नये. कातडी हातमोज्यातूनही घोणशीचा दात जाऊ शकतो आणि बोटांची जाण मात्र कमी होते.

एकटं जायचं नाही. दुसरा माणूस साप पकडायला नको, गर्दी मागे सारायला, उजेड धरायला आणि वेळ आली तर गाडी चालवायला हवा. पकडण्याआधी घरातल्या एका शहाण्या माणसाला हाताशी धरून सगळ्यांना पंधरा फूट मागे घ्या. मागे जात नसतील तर काम सुरू करू नका. आणि जिल्ह्यात दारूबंदी असली तरी ज्याच्या तोंडाला वास येतो तो मदतीला कुठूनतरी येतोच. त्याला सगळ्यांत आधी बाहेर काढा. स्वतः घेतली असेल तर फोनच उचलू नका.

काही ठिकाणी ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. कुटाराच्या ढिगात साप शिरल्याचं सांगतात पण कोणाला दिसत नाही, तिथे हाताने कुटार उपसत बसायचं कारण नाही. रात्री तो आपणहून निघून जातो. उंदराच्या बिळात हात घालायचा नाही. विहिरीत पडलेल्या सापासाठी खाली उतरायचं नाही. काठापर्यंत पोचेल अशी फांदी टाकावी किंवा दोराला बांधून टोपली सोडावी. शेतात, धुऱ्यावर दिसलेला साप पकडायचाच कशाला? ते त्याचंच घर आहे.

बोलावणाऱ्या घरासाठी

सर्पमित्र येईपर्यंत घरच्यांनी करायचं ते फार थोडं. एकाने लांब उभं राहून सापावर नजर ठेवायची, कारण नजरेआड झालेला साप शोधण्यातच निम्मा धोका असतो. लेकरं, कोंबड्या, कुत्रं बाहेर. इतर खोल्यांची दारं बंद, फटीला ओलं पोतं. रॉकेल, फिनाइल, तिखटाची धुरी यातलं काही नको. त्याने साप चवताळून भलतीकडे शिरतो. लांबून फोटो काढून पाठवला तर येणाऱ्याला उपयोग होतो. साप मारलाच गेला असेल तर त्याचं डोकं हाताळू नका. मेलेल्या सापाच्या जबड्याची झडप काही वेळ शाबूत असते, आणि तुटलेलं डोकंही चावू शकतं.

तसंही जिल्ह्यातले बरेचसे दंश कोणी साप पकडायला गेल्याने होत नाहीत. रात्रीची लाइट आली म्हणून ओलिताला अनवाणी जाणं, रानडुकरांमुळे जागल करताना जमिनीवर झोपणं, घराच्या भिंतीला लागून पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग रचणं, अंधारात लाकडं काढायला हात घालणं ही खरी कारणं. बाज, नीट खोचलेली मच्छरदाणी, विजेरी आणि बूट यांच्याइतका स्वस्त इलाज दुसरा नाही. मण्यारीपासून तर मच्छरदाणीच वाचवते.

परवानगीचा प्रश्न

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात शिकारीच्या व्याख्येतच पकडणंही येतं, म्हणजे परवानगीशिवाय साप पकडणं, घरी ठेवणं, शाळेत किंवा नागपंचमीला दाखवत फिरणं हे सगळं गुन्ह्यात बसतं. चांगलं काम करतोय ही सबब पुरत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नाव नोंदवा, जे प्रशिक्षण मिळेल ते घ्या, पकडलेल्या प्रत्येक सापाची तारीख, जात, जागा आणि कुठे सोडला याची वही ठेवा. वन विभागाचा 1926 हा क्रमांक गावातल्या पानटपरीवरही लिहून ठेवण्यासारखा आहे. साप सोडायचा तर जवळच, त्याच प्रकारच्या जागेत. वीस साप जमवून एकदम बोरच्या जंगलात नेऊन सोडण्याची हौस सापांच्या मुळावर येते. अनोळखी जागेत त्यांना ना बिळं माहीत ना भक्ष्य.

शिकायचं असेल तर पहिला पावसाळा जाणत्या माणसाच्या मागे पिशवी धरून काढा. धामण, तस्कर, दिवड, कवड्या, डुरक्या घोणस हे ओळखता यायला लागल्याशिवाय हूक हातात घेऊ नका. आणि ज्याच्या मागे जाल तो जर साप गळ्यात घालून फोटो काढणारा असेल, तर दुसरा गुरू शोधा.

चावलाच तर

देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघाला. त्यात सापावर माया करणारेही आहेत.

पकडणाऱ्यांमध्ये एक खुळी समजूत फिरते: मला इतक्यांदा चावलाय, आता विष चढत नाही. तसं काही होत नाही. उलट वारंवार विषाशी संबंध आलेल्या माणसाला विषाचीच ॲलर्जी होऊ शकते, आणि मग पुढचा दंश काही मिनिटांत रक्तदाब पाडतो. कधी साप चावतो पण विष सोडत नाही. त्या कोरड्या दंशालाच लोक आपली ताकद किंवा बाबाचा मंत्र समजतात.

दंश झाला की अंगठी, कडं, घड्याळ आधी काढा, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा पट्टीला बांधून स्थिर ठेवा. दोरीने आवळणं, ब्लेडने कापणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करायचं नाही. कडुनिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का हे बघण्यात गेलेली पंधरा मिनिटं परत मिळत नाहीत. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. साप धरून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात, आणि आपल्याकडचं प्रतिविष चारही प्रमुख सापांवर एकच आहे.

जायचं कुठे? आधी सर्वांत जवळ, जिथे प्रतिविष आहे तिथे. आर्वी-हिंगणघाटच्या माणसाने सरळ वर्ध्याच्या वाटेला लागून पहिला डोस उशिरा घेऊ नये. पहिला डोस साधारण दहा कुप्यांचा, लहान मुलालाही तेवढाच, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं. घोणशीच्या दंशात डॉक्टर काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच राहिलं तर विष भिनलेलं आहे. ही तपासणी साध्या ग्रामीण रुग्णालयातही होते. मण्यारीच्या दंशात प्रतिविषाइतकंच महत्त्व व्हेंटिलेटरला असतं, म्हणून पापण्या झुकायला लागल्या की सेवाग्राम, सावंगी किंवा वर्ध्याला हलवायची तयारी लगेच हवी. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात 2000 ते 2003 मध्ये दाखल झालेल्या सर्पदंशाच्या 277 रुग्णांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला होता. उलट्या, मज्जासंस्थेवर झालेला परिणाम आणि दाखल होतानाच रक्तात वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडत असल्याची खूण) ही तीन चिन्हं ज्यांच्यात होती, त्यांच्या जिवाला धोका जास्त आढळला. तेव्हा उलटी झाली हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका, आणि दंशाची वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा.

कागदपत्रांचं बोलायला कोणी तयार नसतं, पण तेही उरकून टाकू. सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा. दाखल केल्याचे, उपचाराचे आणि शवविच्छेदनाचे कागद त्यासाठी लागतात. घरात कोणाच्याच नावावर सातबारा नसलेला सर्पमित्र यात बसत नाही. त्याने निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. वर्षाला 20 रुपये, संरक्षण दोन लाखांचं, आणि दवाखान्याची तत्काळ नोंद असेल तर त्यात सर्पदंशाचा मृत्यूही येतो. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणजे नेमकं पावसाच्या तोंडावर. मे महिना संपायच्या आत बँकेच्या खात्यात तेवढे पैसे आहेत ना, हे बघून घ्या. पैसे कटले नाहीत तर विमा बंद पडतो आणि बँक काही कळवायला येत नाही.